न दाबलेला फ्लश, न आलेला राग

पत्र थोडक्यात असं: इंदूरच्या पश्चिम भागातलं जुनं दुमजली घर. लिहिणाऱ्या ताई ४८ वर्षांच्या. घरात नवरा, ७६ वर्षांच्या सासूबाई, मुलगा आणि सात महिन्यांपूर्वी लग्न होऊन पुण्याहून आलेली सून. नर्मदेचे नळ एक दिवसाआड येतात, वरखर्चाला बोरिंग. सासूबाईंची खोली संडासाला लागून. त्यांचं म्हणणं, रात्रभर कोणी ना कोणी फ्लश करून पाणी घालवतं. संशय सुनेवर, कारण दिवसा ती दोन-दोनदा फ्लश करते हे सगळ्यांनी ऐकलंय. सून म्हणते, रात्री मी उठतच नाही. सासूबाईंनी टाकीचा कॉक अर्धा बंद करून बाजूला बादली ठेवली आहे. सुनेने 'स्वच्छता तरी नीट होऊ दे' म्हणून दर रविवारी ॲसिड आणि वर ब्लीचिंग पावडर असा सपाटा लावला आहे. सकाळी या विषयावर बोलणं निघालं की ताईंचा गळा, कान, चेहरा लाल होतो आणि घाम फुटतो. सासूबाई म्हणतात, 'बघ, किती राग भरलाय तोंडावर.' सुनेला वाटतं, हा राग आपल्यावर. नवरा म्हणतो, 'तू जरा शांत राहत जा.' ताई लिहितात: 'अडकित्त्यातल्या सुपारीसारखी गत झालीय. आठ महिने पाळी मागेपुढे होतेय, रात्री दोन-तीनला घामाने जाग येते, उठून तोंड धुऊन येते. तेव्हापासून सहनशक्तीच गेली. वांगासाठी दोन वर्षं एक क्रीम लावतेय, एखाद दिवस राहिलं तर तोंडाची आग होते, त्याने आणखी चिडचिड. हा राग कसा आवरू, ते सांगा.'

ताई,

राग कसा आवरायचा ते विचारलंत. त्याआधी मीच तुम्हाला विचारते: राग येतो, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

तुमचं पत्र चार पानी आहे. त्यात 'मला राग आला' असं वाक्य मी शोधत होते. सापडलं नाही. 'तोंड लाल झालं' सहा वेळा आहे, 'सगळ्यांना वाटलं मी चिडले' दोनदा आहे, आणि शेवटी शेवटी 'मला खरंच राग येत असेल तर' असं आहे. म्हणजे बातमी तुमच्या चेहऱ्यावर छापली जाते, वाचतात दुसरे, आणि मग तुम्हीही त्यांच्याकडून ऐकून खरं मानता. तुमच्या घरात असंच आणखी एक प्रकरण चाललंय. रात्री फ्लश होतो हे सगळ्यांनी ऐकलंय. दाबताना कोणी, कोणाला, एकदा तरी पाहिलंय का?

चेहऱ्याकडे नंतर येते. आधी संडास, कारण तो लवकर दुरुस्त होईल.

आमच्या घरी काही वर्षांपूर्वी हाच खटला चालला होता. आरोपी होता आमचा दहावीतला मुलगा. छतावरची टंकी संध्याकाळपर्यंत रिकामी व्हायची, आणि 'हा तासभर आत बसतो आणि तीनदा फ्लश करतो' यावर घरात एकमत होतं. मग एका दुपारी घरात मी एकटी. मुलगा शाळेत, हे कामावर. मी पडल्या पडल्या पेपर वाचत होते, आणि तीनच्या सुमारास संडासातली टाकी भरायला लागली. सूंऽऽऽ असा आवाज, मिनिटभर, मग टक करून बंद. मी उठून आत गेले. दिवा बंद, फरशी कोरडी. अर्ध्या तासाने पुन्हा सूंऽऽऽ. मुलाची माफी मागायला मला आणखी दोन दिवस लागले, ते राहू द्या.

होतं काय की फ्लशच्या टाकीत कामाच्या वस्तू दोनच. एका बाजूला पाणी आत घेणारी तोटी, तिला फुगा जोडलेला. आणि तळाशी, पॅनमध्ये उतरणाऱ्या भोकावर घट्ट बसलेलं रबर. बटण दाबलं की रबर उचललं जातं आणि पाणी धाडकन खाली येतं. पाणी गेलं की फुगा खाली उतरतो, तोटी उघडते. टाकी भरली की फुगा वर येतो, तोटी बंद. आपल्याकडे बोरिंगचं पाणी जड. वर्षानुवर्षं क्षार बसून त्या रबराच्या कडेला पांढरी खपली धरते, रबर कडक होतं, आणि बूड नीट टेकत नाही. मग केसाएवढी धार पॅनमध्ये झिरपत राहते. इतकी बारीक की डोळ्यांना दिसत नाही, कानांनाही ऐकू येत नाही. टाकीतलं पाणी दोन-तीन बोटं उतरलं की फुगा आपलं काम करतो, तोटी उघडतो. ऐकू येतो तो हा आवाज. भिंतीपलीकडे, अर्धवट झोपेत, म्हातारपणच्या विरळ झोपेत, तो फ्लशसारखाच वाटणार.

तुमच्या पत्रातलं मला पटलेलं दुसरं कारण तुम्ही स्वतःच लिहून गेलात. रात्री दोन-तीनला घामाने जाग येते, उठून तोंड धुऊन येता. उठल्यावर संडासलाही जात असाल, फ्लशही करत असाल. म्हणजे आईंच्या मोजणीतले एक-दोन आवाज तुमचे, बाकीचे टाकीचे, आणि बिल फाटतंय पुण्याच्या मुलीच्या नावावर.

हिशोब मांडून बघा. दर अर्ध्या तासाला दोन लिटर पाणी असं गेलं, तर चोवीस तासांत ९६ लिटर. शहरात माणशी रोज १३५ लिटर धरून पाणीयोजना आखल्या जातात. तेव्हा तुमच्या घरी न दिसणारा सहावा माणूस राहतोय, आणि तो आंघोळही करून जातोय म्हणा ना.

आता खात्री कशी करायची? वाद घालून नाही. बाजारातून एक बीट आणा. किसून, पिळून अर्धी वाटी रस काढा; घरात जिलबीचा लाल रंग असेल तर चिमूटभर तोही चालेल. रात्री सगळ्यांचं आटोपलं की टाकीचं झाकण उघडून, टाकी पूर्ण भरलेली असताना, रस आत ओता. त्यानंतर अर्धा तास कोणीही फ्लश करायचा नाही. पॅनमधलं पाणी पांढरं राहिलं तर रबर शाबूत आहे, आणि मग मी चुकले. गुलाबी झालं तर चोर सापडला. फुगाच जास्त वर बसलेला असेल आणि पाणी मधल्या नळीवरून वाहून जात असेल, तर झाकण उघडल्यावर तेही डोळ्यांनी दिसेल. मग फुग्याचा स्क्रू फिरवून पातळी बोटभर खाली आणली की झालं. बीट नकोच असेल तर झोपताना कॉक पूर्ण बंद करा, टाकीत पाण्याच्या रेषेवर पेन्सिलीने खूण करा आणि सकाळी बघा. कॉक बंद असताना रेषा खाली गेली, तर पाणी पॅनमध्येच गेलंय, दुसरीकडे जायला वाटच नाही.

पण मला बीट जास्त आवडतं. कारण ते तिघींना एकत्र उभं राहून बघता येतं. आई, तुम्ही आणि सूनबाई, हातात बॅटरी, आणि पॅनमध्ये हळूहळू उतरणारी गुलाबी रेघ. सात महिन्यांत तुमच्या घरात याच्याइतकं निःपक्षपाती बोलणं कोणी केलं नसेल.

दिवसा दोनदा फ्लश करण्याचंही बघू. कॉक अर्धा बंद आहे. टाकी भरायला एरवी दोन-तीन मिनिटं लागत असतील, तर आता आठ-दहा लागणार. मधे कोणी गेलं की अर्ध्याच टाकीचा फ्लश मिळतो. इंग्लिश कमोडच्या पोटात पाण्याचा एक वाकडा साठा असतो. घरात गटाराचा वास येऊ नये म्हणून तो तिथे मुद्दाम राखलेला. घाण त्या वाकणापलीकडे ढकलायची तर पाणी एकदम आणि जोरात यावं लागतं. हळूहळू आलेलं दहा लिटर पाणीही नुसतं फिरून शांत होतं. मग माणूस दुसऱ्यांदा बटण दाबतो. पाणी वाचवायला बंद केलेला कॉकच दुप्पट पाणी खातोय.

हे वाचून सासूबाईंना हसू नका, आणि कोणाला हसू देऊही नका. तुम्ही लिहिलंय, त्या लग्न होऊन १९७१ साली इंदूरला आल्या. त्याच्या आदल्या वर्षी या शहराने नर्मदेचं पाणी मिळावं म्हणून आंदोलन केलं होतं, आणि नर्मदा घरात यायला १९७८ उजाडलं. म्हणजे नव्या संसाराची पहिली सात वर्षं त्यांनी नर्मदेविना काढली. आजही ते पाणी सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून, विंध्याचा चढ पंपांनी चढवून आणावं लागतं. आपण ते बटण दाबून एका सेकंदात परत खाली सोडतो, हे ज्या बाईने डोक्यावर पाणी वाहिलंय तिला सहन होणार नाही. आणि बादलीच्या बाबतीत तर त्या तांत्रिकदृष्ट्याही बरोबर आहेत. अर्धी बादली पाणी एकाच झटक्यात, कमोडच्या मध्यावर नेम धरून ओतलं, तर ते टाकीच्या पूर्ण फ्लशचं काम निम्म्या पाण्यात करतं. बिंदेश्वर पाठकांच्या सुलभ संडासांची सगळी युक्ती हीच होती: उतार असलेलं खास भांडं, आणि हाताने ओतलेलं दीड-दोन लिटर पाणी. आपल्या कमोडला तेवढ्यात भागत नाही, पण तत्त्व तेच.

तर कॉक पूर्ण उघडा, रबर बदला, आणि जुनी टाकी कधी ना कधी बदलणारच असाल तर दोन बटणांची घ्या. छोट्या बटणाला साधारण तीन लिटर, मोठ्याला सहा. तुमची पंधरा वर्षांची एका बटणाची टाकी दर वेळी दहा ओतते. पाच माणसं, दिवसाला पाच खेपा: जुन्या टाकीने २५० लिटर. नवीने, चारदा छोटं आणि एकदा मोठं धरलं तर माणशी १८, सगळे मिळून ९०. तोपर्यंत टाकीत पाणी भरून, बूच घट्ट लावलेली एक लिटरची बाटली उभी करून ठेवा, दर फ्लशला लिटरभर वाचतं. वीट ठेवू नका, विटेचा भुगा होतो आणि तो त्याच रबरात अडकतो. रात्री नुसत्या लघवीला दोन मग पाणी ओतलं, झाकण लावलं आणि सकाळी पहिल्याने फ्लश केला, तर कोणाचं काही बिघडत नाही. आईंची झोपही राहते.

सूनबाईंच्या रविवारच्या कार्यक्रमाबद्दल मात्र आज संध्याकाळच्या आत बोला. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद, खिडकी नसलेल्या संडासात त्याने घसा आवळतो, डोळे जळतात, दमा असलेल्याला दवाखाना गाठावा लागतो. एका वेळी एकच वस्तू वापरायची, भरपूर पाणी टाकून धुवायची, दार उघडं ठेवायचं. न धुतलेल्या लघवीवर ब्लीच ओतणंही वाईट, त्यातूनही त्रासदायक वायू निघतो. मुलीचा हेतू स्वच्छतेचा आहे, तो तसाच राहू दे. फक्त तिला जंतूंचीच काळजी असेल तर झाकण लावून फ्लश करायला सांगा. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये हिरव्या लेझरच्या उजेडात झाकण नसलेल्या कमोडचा फ्लश चित्रित केला, तेव्हा न दिसणारे तुषार आठ सेकंदांत दीड मीटर उंच पोचलेले दिसले. झाकणाने सगळं थांबतं असं नाही, फटीतून काही निघतंच. पण दात घासायचे ब्रश कमोडशेजारच्या फळीवर ठेवायचे नाहीत, एवढं तरी त्यावरून ठरवता येतं. ओले रुमाल आणि पॅड कमोडमध्ये टाकायचे नाहीत हे इंदुरात वेगळं सांगायला नको. गल्लीत येणाऱ्या कचरागाडीला त्यासाठी वेगळा कप्पाच आहे.

आता तुमचा चेहरा.

आठ महिने पाळी मागेपुढे, वय ४८, रात्री घामाने जाग, दिवसा छातीतून उठून तोंडापर्यंत येणारी गरमी. ताई, हे सगळं तुम्ही चार वेगवेगळ्या पानांवर लिहिलंय, एकाखाली एक मांडलं असतं तर तुम्हालाच कळलं असतं. मी डॉक्टर नाही, पण यातल्या बऱ्याच गोष्टी पाळी जाण्याच्या दिवसांतल्या वाफांशी, म्हणजे अंगात अचानक उसळणाऱ्या गरमीशी, जुळतात. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ च्या आसपास थांबते, आणि त्याआधीची काही वर्षं शरीर असं हेलकावे खातं. मेंदूच्या तळाशी शरीराची गरमी सांभाळणारा एक छोटा भाग असतो. एरवी अर्धा अंश इकडेतिकडे झालं तर तो ढुंकूनही बघत नाही. इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं हार्मोन वरखाली व्हायला लागलं की तोच हळवा होतो. एवढीशी गरमी वाढली तरी 'उकडतंय' म्हणून ओरडतो, कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंद करतो, घाम सोडतो. दोन-चार मिनिटांत ओसरतं, कधी मागून हुडहुडी भरते. तुमच्या टाकीतल्या फुग्यासारखंच, पातळी जरा हलली की तोटी उघडी.

मग सकाळीच का? तुमची सकाळ डोळ्यांसमोर आणून बघा. बंद स्वयंपाकघर, गॅसवर पोहे, झाकण काढलं की तोंडावर येणारी वाफ, हातात कढत चहा. हे सगळं वाफ यायला निमित्त पुरवतं. त्यात आई रात्रीच्या फ्लशचा हिशोब सांगायला उंबऱ्यात येतात. ताण हेही निमित्तच, तेव्हा भांडणाचा वाटा मुळीच नाही असं मी म्हणणार नाही. आणि एकदा 'बघ, तोंड लाल झालं' असं कोणी म्हटलं की पुढचं काम लाज करते. चार्ल्स डार्विनने १८७२ साली लाजून लाल होण्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं. त्यात त्याने टिपलंय की हे ठरवून आणता येत नाही, आणि थांबवायला गेलं तर उलट वाढतं, कारण लक्ष आणखी स्वतःच्याच तोंडाकडे जातं. म्हणून 'शांत राहत जा' हा सल्ला मायेचा असला तरी बिनकामाचा. शांत राहण्याचा प्रयत्न करणाऱ्या बाईचा चेहरा जास्त तापतो.

राग नसेलच असंही नाही. सात महिने मधे उभं राहून कोणालाही येईल. पण तो येतो की नाही हे तुम्ही ठरवा, तुमच्या गालांना ठरवू देऊ नका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहिता ना, त्याच चौकटीत दोन आठवडे एक खूण करत जा: किती वाजता, कुठून सुरू झालं, किती मिनिटं, तेव्हा काय चाललं होतं. घरात कोणी नसतानाच्या आणि झोपेतल्या खुणा किती निघतात ते बघा. झोपेत आपण कोणावर चिडत नाही.

ही चिठ्ठी घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. त्या बहुधा थायरॉइड, रक्तदाब, साखर बघतील. उपाय आहेत. हार्मोनच्या गोळ्या किंवा जेल काहींना फार चांगले लागू पडतात, काहींना देता येत नाहीत; घरात स्तनाच्या कर्करोगाचा किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असेल तर आधीच सांगा. हार्मोनविरहित औषधंही आहेत. 'वयाचं आहे, सहन करा' एवढंच ऐकून परत येऊ नका. काहींना हे सात-आठ वर्षं चालतं, आणि सात वर्षं झोपमोड हा काही छोटा त्रास नव्हे. तोपर्यंत सुती कपडे, उशाशी माठाचं पाणी, स्वयंपाकघरात खिडकी उघडी, चहा जरा निवू देऊन. हिवाळ्यात सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडूवर, त्या तळलेल्या कंदावर, मसाला कमी टाकायला सांगा. गराडू सोडा असं म्हणायची माझी हिंमत नाही.

पण मला खरी धास्ती वाटली ती तुमच्या क्रीमची. दोन वर्षं रोज, आणि एक दिवस चुकलं की आग. वांगावर सर्रास दिल्या जाणाऱ्या बऱ्याच मलमांत स्टिरॉइड असतं. पहिले दोन महिने चेहरा असा उजळतो की बाई त्याच्या प्रेमातच पडते. नंतर कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसायला लागतात, ऊन, गॅस, मसाला, काहीही लागलं की लाल. आणि बंद करायला गेलं तर चेहरा पेटतो, म्हणून परत लावलं जातं. त्वचारोगतज्ज्ञांकडे अशा चेहऱ्यांची रांग असते. हे इतकं वाढलं की २०१८ मध्ये केंद्र सरकारला चौदा स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नका म्हणून यादीत टाकावी लागली. ट्यूबवर बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन असं काही दिसतंय का, चष्मा लावून वाचा. दिसलं तर ट्यूब पर्समध्ये टाका आणि त्वचारोगतज्ज्ञांसमोर ठेवा. स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, ते सोडवायचीही पद्धत असते. आणि पार्लरमधून किंवा शेजारून, 'हिला बघ किती छान लागू पडलं' म्हणून आलेली नवी ट्यूब घेऊ नका.

तुमचा रंग उजळ, म्हणून लाली लगेच दिसते. हे सदर वाचणाऱ्या सावळ्या बायकांना ती सहजी दिसणार नाही, आणि म्हणून डॉक्टरही कधीकधी चुकतात. रोझेशिया नावाचा एक आजार असतो: गाल-नाक तासन्‌तास तापलेलं, टोचल्यासारखं, बारीक पुटकुळ्या. गोऱ्या कातडीवर तो ओरडून दिसतो, आपल्या कातडीवर नुसता काळवंडलेपणा वाटतो. तेव्हा आरशापेक्षा हाताला काय लागतं ते सांगा: आग, गरमी, चुणचुण. रक्तदाबाची ॲम्लोडिपिनसारखी गोळी सुरू झाल्यापासून चेहरा तापत असेल आणि घोटे सुजत असतील, तर तेही सांगायचं, गोळी परस्पर बंद करायची नाही. लालीबरोबर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास कोंडला, तर मात्र सल्ला सदर वाचत बसू नका, थेट दवाखाना. वारंवार जुलाब किंवा डोकं ठणकून छाती धडधडणं सोबत असेल तरी लांबवू नका. पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त गेलं, तरीही.

कोणाशी काय बोलायचं? सुनेशी आधी, आणि एकटीशी. मोठं भाषण नको. 'अगं, माझं तोंड लाल झालं तर ते तुझ्यावर नाही. मला वाफा येतात हल्ली.' एवढंच. पुढच्या वेळी चारचौघांत चेहरा तापला की लपवू नका, पदराने वारा घेत 'आली वाफ' म्हणून मोकळ्या व्हा. ज्याला नाव आहे त्याचा अर्थ लावायला कोणी थांबत नाही. माझा अंदाज आहे, ती मुलगी त्या दिवशी खिडकी उघडेल.

सासूबाईंना विचारा, 'आई, तुमच्या वेळी कसं झालं होतं हो?' शक्यता अशी की त्या म्हणतील, 'आम्हाला असलं काही झालं नाही, आम्हाला वेळच नव्हता.' म्हणू देत. शक्यता दुसरीही आहे. तेव्हा हे कोणी बोलायचं नाही, त्यांच्याही रात्री माडीवर फेऱ्या मारत गेल्या असतील, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कोणीतरी रागच वाचला असेल. त्या बोलल्या तर ऐका, नाही बोलल्या तर खोदू नका.

रात्रीच्या आवाजांतले एक-दोन तुमचे होते हेही त्यांना तुम्हीच सांगा, बीटाच्या आधी. नाहीतर सून सुटेल आणि नुसती टाकी अडकेल. तेही खोटंच.

कॉक आईंच्या ताब्यात आहे, तेव्हा रस ओतायचा मान त्यांचा. बॅटरी सूनबाईंकडे. आणि 'शांत राहत जा' म्हणणाऱ्यांना सकाळी रबर आणायला पाठवा. जाताना जुनं रबर काढून पिशवीत घालून द्या, मापं वेगवेगळी असतात. 'फ्लशचं रबर द्या' एवढ्यावर दुकानदार हातात काहीही ठेवतो, आणि दुसऱ्या खेपेला जा म्हटलं तर यांचं तोंड लाल व्हायचं.